स्वस्त सीडी प्लेअर घेताना मी काय पाहिले

आमच्या लातूरच्या घरातील लोखंडी कपाटाचे दोन कप्पे सीडींनी भरलेले आहेत. मागच्या उन्हाळ्यात मोजल्या तेव्हा त्या २६४ निघाल्या. बहुतेक १९९६ ते २००८ या काळात घेतलेल्या आहेत. काही पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांत, काही औरंगाबादेत (तेव्हा शहराचे नाव हेच होते), आणि काही अशा, की ज्या कोणी वाचायला म्हणून पुस्तक द्यावे तशा ऐकायला दिल्या आणि परत मागितल्या नाहीत. जुनी म्युझिक सिस्टीम बंद पडली तेव्हा घरच्यांचे मत स्पष्ट होते: सगळे मोबाईलवर मिळते, ही अडगळ आता काढावी. मी तसा प्रयत्न केलाही. परंतु मल्लिकार्जुन मन्सूरांची किंवा किशोरीताई आमोणकरांची एखादी मैफल मोबाईलवर शोधावी, तर विलंबित एकीकडे आणि द्रुत दुसरीकडे सापडते, साथीला हार्मोनियमवर कोण होते याचा पत्ता नसतो, आणि आलाप नुकताच रंगात येत असताना मध्येच डिटर्जंटची जाहिरात सुरू होते. सीडीच्या आतील चार पानी पुस्तिकेत ही सारी माहिती बारीक अक्षरांत छापलेली असते. कपाट रिकामे करण्याचा विचार तिथेच संपला.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर धडधाकट होते. कमी होती ती फक्त एका प्लेअरची, आणि त्यासाठी मी मनाशी १०,००० रुपयांची मर्यादा ठरवली होती. नावाजलेल्या कंपनीचा नवा प्लेअर एवढ्या पैशांत येत नाही हे चौकशीत लगेच कळले, म्हणून मी जुन्याकडे वळलो आणि पहिल्याच खरेदीत फसलो. दुसऱ्या शहरातील एका विक्रेत्याकडून फोटो पाहून, फोनवर बोलून, सोनेरी रंगाचा आणि निळ्या आकड्यांचा एक देखणा प्लेअर ६,००० रुपयांना मागवला. घरी आल्यावर लावला, तर पहिली पंधरा-वीस मिनिटे अगदी समाधानाची गेली. चाळीस मिनिटांनंतर मात्र गवयाने तान घ्यावी आणि ती मध्येच कोणीतरी कात्रीने कापावी असे होऊ लागले. दुसरी सीडी लावली, तिसरी लावली. प्रत्येकीची सुरुवात ठीक आणि शेवट फाटका. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या सीडीच खराब असतील." एकूण एक सीडी फक्त शेवटीच कशी खराब होईल, या प्रश्नावर त्याने फोन ठेवला. मी मात्र त्या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही, आणि खरेदी कशी करायची हे मला त्या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळले.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. ग्रामोफोनच्या तबकडीची सुई कडेकडून मध्याकडे सरकते, येथे उलटे आहे: लेझर मधल्या भोकाजवळ सुरुवात करतो आणि कडेकडे जातो. त्या १२ सेंटीमीटरच्या चकतीवर एकच एक सर्पिल, म्हणजे आतून बाहेर उलगडत जाणारी वाट कोरलेली असते. तिच्या दोन वळणांतील अंतर १.६ मायक्रॉन, आणि ती सरळ करून पसरली तर लांबी पाच किलोमीटरच्या वर भरते. वाचनाचा वेग सारखा राहावा म्हणून सीडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला पोहोचेपर्यंत २०० च्या आसपास उतरते. सीडी किंचित वाकलेली असेल किंवा मोटरवर नीट बसलेली नसेल, तर तिचे हेलकावे कडेलाच सर्वांत मोठे असतात, आणि तिथे लेन्सला वरखाली व आजूबाजूला सर्वाधिक धावपळ करावी लागते. म्हातारा झालेला लेझर, वाळून घट्ट झालेले ग्रीस किंवा झिजलेली मोटर सुरुवातीच्या भागात वेळ मारून नेते आणि शेवटी उघडी पडते. शिवाय यंत्र तापल्यावर हा अशक्तपणा अधिक जाणवतो. दुकानात उभ्या उभ्या पहिला ट्रॅक ऐकून प्लेअर घेणे म्हणजे बैल बाजारात उभा पाहून घेणे आहे. त्याला औताला जुंपून चार तास चालवल्याशिवाय काही कळत नाही.

स्वस्त प्लेअर निवडताना लोक सर्वांत आधी "आवाज कसा आहे" हे विचारतात. मीही तेच विचारत होतो. आता माझे मत असे आहे की या किमतीत आवाजाचा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे आणि यंत्रणेचा प्रश्न कधीच सुटत नाही. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेले सीडीचे मोजमाप १९८२ मध्ये पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हापासून तेच आहे: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजण्या), प्रत्येक नमुना १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १), डावा व उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हे आकडे अचूक वाचले गेले, तर त्यांचा आवाजात अनुवाद करणारी चिप आज इतकी पिकलेली आहे की साध्या प्लेअरमध्येही ती आपले काम चोख करते. फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेअरमधील चिप १४ बिटांची होती आणि तिला युक्तीने १६ बिटांचे काम करायला लावले होते. ते दिवस कधीच सरले.

हे मी केवळ वाचून म्हणत नाही. घरात एक जुना डीव्हीडी प्लेअर होता, आणि एका मित्राकडून त्याचा महागडा सीडी प्लेअर चार दिवसांसाठी आणला होता. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरला जोडले, एकाच सीडीच्या दोन प्रती मिळवल्या आणि पुतण्याला बटणापाशी बसवले. पहिल्या फेरीत मित्राचा प्लेअर मला फारच सरस वाटला. नंतर लक्षात आले की त्याचा आवाज मुळातच थोडा मोठा होता. सीडी प्लेअरच्या मागून येणारा सिग्नल साधारण २ व्होल्टचा असतो, आमच्या डीव्हीडीचा त्याहून कमी होता, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दोघांचा आवाज सारखा करून घेतल्यावर पुतण्या दहा वेळा म्हणाला, "काका, आता कोणता?" दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी तेवढीच आली असती. त्यातून हा प्रयोग फेब्रुवारीतला. मे महिन्यात लातुरात खिडकीला कूलर धडधडत असताना आणि डोक्यावर पंखा फिरत असताना दोन चिपांतील फरक ऐकू येतो असे ज्यांना वाटते, त्यांच्या कानांना माझा नमस्कार.

मग डीव्हीडी प्लेअरच का वापरू नये? ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी खरेदीआधी महिनाभर जरूर वापरून पाहावा. तो सीडी वाचतो आणि आवाजही बरा देतो. मला त्याची अडचण दोन ठिकाणी झाली. आमच्या प्लेअरला स्वतःची आकड्यांची पट्टी नाही, त्यामुळे कितवा ट्रॅक चालू आहे हे पाहायला टीव्ही लावावा लागतो. पहाटे ललत राग ऐकायचा म्हणून टीव्ही लावणे मला जमले नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो, परंतु तबला थांबलेला नसतो. खऱ्या सीडी प्लेअरवर तो सांधा कळतही नाही. आमचा डीव्हीडी प्लेअर मात्र प्रत्येक सांध्यावर क्षणभर श्वास रोखतो आणि समेचा घास गिळतो. सुटी गाणी ऐकणाऱ्यांना याचा त्रास होणार नाही.

दुसऱ्या खरेदीसाठी संभाजीनगरला गेलो तेव्हा पिशवीत चार सीडी घेऊन गेलो, आणि या चार सीडी मी कोणालाही सांगेन. पहिली अशी, जिची लांबी ७४ मिनिटांच्या जवळपास आहे, म्हणजे तिचा शेवटचा ट्रॅक अगदी कडेला येतो. दुसरी चांगलीच ओरखडलेली. तिसरी घरी कॉम्प्युटरवर बर्न केलेली. या सीडींत रंगद्रव्याचा थर असतो आणि छापील सीडीपेक्षा त्या लेझरला कमी प्रकाश परत देतात, म्हणून दुबळा लेझर येथे आधी अडखळतो. (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी त्याहूनही मंद असतात, त्या न वाचणे हा जुन्या प्लेअरचा दोष मानू नये, ते त्यांच्यासाठी बनलेलेच नव्हते.) चौथी सीडी मैफलीची, सांधा तपासण्यासाठी.

ओरखड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. सीडीवरील माहिती अशी विखरून आणि जादा खुणांसह लिहिलेली असते की सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी प्लेअर तो हिशेबाने पूर्ण भरून काढतो. त्याहून मोठे खिंडार पडले तर अंदाजाने बुजवतो, आणि तेही जमले नाही तर गप्प बसतो. त्यामुळे मध्यापासून कडेकडे गेलेला उभा ओरखडा दिसायला भयंकर असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो, कारण लेझर तो क्षणात ओलांडतो. वाटेच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा मात्र बारीक असला तरी लेझरला दूरवर सोबत करतो. सीडी गोल गोल पुसण्याची आपली सवय म्हणूनच घातक आहे. मऊ कापडाने मध्यापासून बाहेर सरळ रेषेत पुसावे. आणि ज्या बाजूला आपण निर्धास्तपणे पेनने नाव लिहितो, ती लेबलची बाजूच खरी नाजूक असते. चमकणारा अ‍ॅल्युमिनियमचा थर तिथे वार्निशासारख्या पातळ पापुद्र्याखाली असतो, तर खालच्या बाजूने त्याला जवळजवळ पूर्ण १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकचे संरक्षण असते. ओरखडलेली सीडी दुकानात नेताना ओरखडे खालच्या बाजूचे आहेत ना, हे पाहावे. नाहीतर निर्दोष प्लेअरला दोष लागेल.

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात तीन प्लेअर होते. पहिल्याचा ट्रे बटण दाबल्यावर गुरगुरला, अर्धा इंच बाहेर आला आणि थांबला. दुकानदाराने तो नखाने ओढून काढला आणि माझा चेहरा पाहून किंमत आपणहून पाचशेने कमी केली. खरे तर हा दोष सर्वांत किरकोळ आहे: ट्रे ओढणारा रबरी बेल्ट वर्षानुवर्षांत कडक आणि सैल होतो, तो चार पैशांचा असतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो. दुसऱ्याच्या मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलेले होते. तो जपानच्या बाजारासाठी बनलेला होता. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला असता तर पहिल्याच दिवशी धूर निघाला असता. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि घरातील कोणीतरी एके दिवशी तो विसरणार हे ठरलेले असते. म्हणून मी तो बाजूला ठेवला.

तिसरा काळा, चौकोनी, कसलाही दिमाख नसलेला होता. मी झाकण काढून दाखवायला सांगितले. सीडी न ठेवता ट्रे बंद केला, तर लेन्स दोन-तीन वेळा वरखाली झाली आणि तिच्यात अगदी मंद लाल ठिपका दिसला. सीडीच्या लेझरचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे दृष्टीच्या अगदी काठावरचा असतो, म्हणून तो ठिपका पाहायचा तर बाजूने पाहावा, वरून डोकावू नये. लेन्स शोध घेते याचा अर्थ फोकस करणारी यंत्रणा जिवंत आहे. गाण्यात आपण घराणे विचारतो तसे येथे लेझरचे विचारावे. या प्लेअरमध्ये सोनीच्या केएसएस-२१३ या घराण्यातील लेझर होता, जो अनेक कंपन्यांनी आपापल्या प्लेअरमध्ये बसवला आणि ज्याचे सुटे भाग आजही मिळतात. ज्याचा लेझर कोणाच्याच ओळखीचा नाही, तो प्लेअर कितीही श्रीमंत दिसो, लेझर गेला की त्याचा डबा होतो.

लांब सीडी घालून मी थेट शेवटचा ट्रॅक लावला, पुन्हा पहिला, पुन्हा शेवटचा, असे वीस वेळा केले. दुकानदार म्हणाला, "सर, एवढं कुणी बघत नाही. लावायचं, वाजलं की घ्यायचं." मी त्याला चहा मागवायला लावला आणि तासभर प्लेअर चालू ठेवला. तापल्यावरही शेवटचा ट्रॅक नीट वाजला, ओरखडलेल्या सीडीवर एकदाच अडखळला, आणि बर्न केलेली सीडी ओळखायला त्याला दहा-बारा सेकंद लागले, पण त्याने ती ओळखली. रिमोट नव्हता, मात्र पुढील बाजूस आकड्यांची बटणे होती, त्यामुळे मला त्याची उणीव भासणार नव्हती. ३,५०० रुपयांत तो घेऊन रात्रीच्या बसने परतलो. प्लेअर मांडीवर होता, कारण डिकीत ठेवायची हिंमत झाली नाही.

लातुरात गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकाच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले बसतात, ज्यांच्याकडे अजून टेपरेकॉर्डर दुरुस्तीला येतात. त्यांच्याकडून प्लेअर साफ करून घेतला: जुने ग्रीस पुसून नवे लावले, लेन्स अल्कोहोलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसली, बेल्ट बदलला. बर्न केलेल्या सीडीला वेळ लागतो हे सांगितल्यावर ते म्हणाले, "सर, बारका स्क्रू फिरवून देतो म्हणणारे लई आहेत. चार महिने वाजंल, मंग पुन्हा आहेच." लेझरच्या पट्टीवर खरोखरच एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लेझरला जास्त विद्युतप्रवाह मिळतो, थकलेला लेझर काही दिवस तरुण होतो आणि मग कायमचा विझतो. जुना प्लेअर "नुकताच सर्व्हिस केलेला" म्हणून अगदी झकास वाजत असेल, तर हा स्क्रू कोणी फिरवला आहे का, ही शंका मनात ठेवावी. माझ्या सोनेरी प्लेअरचे बहुधा हेच झाले होते. तो या दुरुस्तीवाल्यांनाच सुट्या भागांसाठी देऊन टाकला.

ज्यांच्या गावात असा माणूस उरलेला नाही त्यांनी मात्र जुन्याच्या वाटेला जाऊ नये, थोडे थांबून पैसे साठवावेत आणि नवा घ्यावा, असे मी परभणीच्या माझ्या मेहुण्यांना सांगितले. नव्यातील प्रवेशाच्या पायरीवरील प्लेअरमध्ये आवाजापेक्षा सोयी पाहून निवड करावी. यामाहाच्या सीडी-एस ३०३ ला पुढे पेन ड्राईव्हची खाच आहे आणि मागे ऑप्टिकल व कोअ‍ॅक्सिअल असे दोन्ही डिजिटल मार्ग, म्हणजे सीडीवरचे आकडे तसेच बाहेर देणाऱ्या जोडण्या, आहेत. डेनॉनच्या डीसीडी-६००एनई ला पेन ड्राईव्हची खाच नाही, तो फक्त सीडीपुरता सरळ माणूस आहे. मारांट्झच्या सीडी ६००७ ला खाचेबरोबर हेडफोनची सोयही आहे, आणि तिचे पैसे तो घेतोच. मेहुण्यांना मुलांची गाणी पेन ड्राईव्हवर ऐकायची होती, त्यामुळे त्यांचा निर्णय त्या एका खाचेने केला. डिजिटल मार्गाचा एक फायदा असा की पुढे कधी प्लेअरमधील चिप बिघडली किंवा वेगळी हवीशी वाटली, तर बाहेर स्वतंत्र यंत्र जोडता येते आणि प्लेअर केवळ वाचनापुरता राहतो.

जोडणीबाबत एकच सांगतो, कारण आमच्या शेजाऱ्यांनी ही चूक केली आणि प्लेअरला शिव्या दिल्या. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे "फोनो" लिहिलेली भोके तबकडीच्या सुईसाठी असतात. तिथे येणारा क्षीण सिग्नल अ‍ॅम्प्लिफायर कित्येक पटींनी वाढवतो आणि त्याचा घाटही बदलतो. सीडीचा २ व्होल्टचा सिग्नल तिथे दिला की आवाज फाटतो आणि घुमतो. सीडी किंवा ऑक्स लिहिलेल्या भोकांतच लाल-पांढऱ्या पिना लावाव्यात. त्या वायरीही साध्या असल्या तरी चालतात.

१०,००० पैकी पहिल्या प्लेअरचे ६,००० बुडाले आणि दुसऱ्याला ३,५०० गेले. साफसफाईचे दुरुस्तीवाल्यांनी ४०० घेतले. उरलेल्या शंभरात प्लेअरवर टाकायला जाड कापडाचे आवरण शिवून घेतले. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे काळ्या रानातून जी धूळ उठते ती बंद खिडकीच्या फटीतूनही लेन्सपर्यंत पोहोचते. आवरण फक्त प्लेअर बंद असताना घालायचे आणि ट्रे एक क्षणही उघडा सोडायचा नाही, असा आता घरात नियम आहे.

दीड वर्ष झाले. २६४ पैकी २६१ सीडी तो विनातक्रार वाचतो. उरलेल्या तिघींपैकी दोघींची लेबलची बाजू खरवडलेली आहे, त्यांचा इलाज नाही. तिसरी आमच्या एका संगीतप्रेमी मित्राने २००४ साली घरगुती बैठकीत मुद्रित करून स्वतः बर्न केलेली आहे. बावन्नाव्या मिनिटाला, भैरवीच्या तोंडावर ती अडते. कॉम्प्युटरच्या ड्राईव्हने ती हळूहळू, तीन तास घेऊन, पूर्ण वाचली आणि आता तिची नवी प्रत कपाटात मूळ प्रतीच्या शेजारी ठेवली आहे. नव्या प्रतीवर नाव मात्र मी पेनने लिहिले नाही. चिठ्ठी डबीच्या बाहेर चिकटवली आहे.